१९७० च्या प्लिमथ डस्टरचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) आत घ्यावेत का, आणि घ्यायचे तर किती?

डस्टर_मिशिगन:

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९७० ची प्लिमथ डस्टर ३४० आहे. गाडीत चार गिअरची हाताने बदलायची पेटी आहे आणि मागचा आस क्रायस्लरचा ८¾ इंची आहे. मी डेट्रॉइटच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो, त्यामुळे गाडी उन्हाळ्यातच बाहेर निघते. वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या संध्याकाळच्या फेऱ्या, ऑगस्टमधील ड्रीम क्रूझ आणि अधूनमधून मिशिगनच्या वरच्या भागापर्यंतचा लांब प्रवास एवढाच तिचा वापर आहे. सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतीच्या पाव मैलाच्या पट्टीवर ती क्वचित जाते आणि पुढेही क्वचितच जाईल.

कारखान्यातून ही गाडी साडेपाच इंची रिमवर ई७०-१४ मापाचे टायर घेऊन बाहेर पडली. ३४० घन इंचांच्या इंजिनासमोर ते टायर अगदीच अरुंद आहेत, हे ज्याने ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जोरात दाबली आहे त्याला सांगावे लागणार नाही. मला मागे २७५/६० आर १५ मापाचे (२७५ मिलिमीटर रुंद) टायर बसवायचे आहेत. ब्रेकचा ड्रम काढून मी मोजमापे घेतली. आसाच्या फ्लँजपासून (चाक जेथे बोल्टने बसते ती चकती) पाट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत ५¾ इंच जागा आहे आणि फ्लँजपासून फेंडरच्या आत दुमडलेल्या कडेपर्यंत ५ इंच. मूळ रचनेत दोन्ही पाट्यांच्या मध्यांमधील अंतर ४३ इंच आहे.

माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला, पाट्यांना हात न लावता अरुंद टायरवर समाधान मानणे. दुसरा, पुढचे हँगर (पाट्याचे पुढचे टोक गाडीला धरणारे कंस) आणि मागचे शॅकल (मागचे टोक टांगणारे झुलते दुवे) बदलून प्रत्येक पाटा अर्धा इंच आत घेणे. तिसरा, पाटे सुमारे तीन इंच आत नेऊन थेट फ्रेम रेलच्या (गाडीच्या तळाखालील लांबीच्या तुळईच्या) खाली बसवणे. ज्या गॅरेजमध्ये मी विचारले तेथे तिसरा मार्गच सुचवला गेला, कारण त्यानंतर टायरची चिंता कायमची मिटते. परंतु गाडीच्या वळणावरील वागणुकीत काय फरक पडेल, रेलवर किती भार येईल आणि आसाच्या नळीचे काय होईल, यांचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. या मंडळावर निलंबनाच्या क्षेत्रात काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे. गाडी पुन्हा मूळ रूपात आणता यावी अशी माझी इच्छा आहे, मात्र ती अट नाही.

रोलसेंटर:

आपण मोजमापे दिलीत याबद्दल आधी आभार. पाटे सरकवण्याच्या बहुतेक चर्चा मोजमापांशिवायच सुरू होतात आणि मग कोणीच नेमके काही सांगू शकत नाही.

प्रथम टायरचा हिशेब करू. २७५ मिलिमीटर म्हणजे १०.८ इंच. आपल्याकडे पाट्यापासून फेंडरपर्यंत एकूण १०¾ इंच आहेत, म्हणजे आजच्या स्थितीत २७५ चा टायर कागदावरसुद्धा बसत नाही. चालत्या गाडीला आतल्या बाजूस किमान अर्धा इंच आणि बाहेरच्या बाजूस किमान पाऊण इंच मोकळी जागा मी धरतो. बाहेर जास्त धरण्याचे कारण असे की वळणावर आस बाजूला थोडा सरकतो, शिवाय एक चाक वर उचलले गेले की आस तिरपा होऊन टायरचा वरचा भाग झुकतो. ही सव्वा इंचाची जागा वजा केली तर आज आपल्याला साडेनऊ इंचांपर्यंतचा टायर चालेल. २३५ चा टायर ९¼ इंचांचा असतो, तो निश्चिंतपणे बसेल. पाटे अर्धा इंच आत घेतले की मर्यादा दहा इंचांवर जाते आणि २५५/६० आर १५ बसतो. त्याचा व्यास सुमारे २७ इंच, म्हणजे २७५/६० पेक्षा एक इंच कमी आहे, आणि आपल्या वापरासाठी तो गैरसोयीचा नाही. मात्र टायरवर छापलेली रुंदी विशिष्ट रुंदीच्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण पाव इंचापेक्षा किंचित कमी फुगतो, आणि उत्पादकागणिकही थोडा फरक पडतो. म्हणून निवडलेला टायर निवडलेल्या रिमवर चढवून, हवा भरून, प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

मोजताना आणखी एक गोष्ट पाहावी. टायरची भिंत पाट्याला यू बोल्टपाशी (पाटा आसाला बांधणारे बोल्ट) घासत नाही, कारण तेथे आतल्या बाजूस रिम आणि ब्रेकची पाठपट्टी असते. ती घासते आसाच्या पुढे आणि मागे नऊ ते बारा इंचांवर, जेथे टायरचा सर्वांत फुगलेला भाग पाट्याच्या समोरून जातो. नेमक्या त्याच भागात पाट्याची पाने (एकावर एक रचलेल्या पट्ट्या) एकत्र धरणारे क्लिप असतात आणि क्लिपच्या बोल्टचे डोके पाट्याच्या कडेबाहेर येते. आपले ५¾ इंच पाट्याच्या कडेपर्यंतचे आहेत की क्लिपपर्यंतचे, हे कृपया पुन्हा तपासावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. या गाडीत पाटा फक्त स्प्रिंग नाही. आसाला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जागेवर धरणारा दुसरा कोणताही दुवा नाही, म्हणजे गाडीचे वजन पेलणे, आसाला दिशा देणे आणि इंजिनाचा पीळ सोसणे ही तिन्ही कामे एकटा पाटा करतो. त्यामुळे तो सरकवला की तिन्ही कामांची जागा बदलते, आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा मोजावा लागतो.

वळणावर गाडी कलते तेव्हा पाट्यांकडून मिळणारा विरोध त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४३ चे ४२ इंच झाले तर हा विरोध साडेचार टक्क्यांच्या आसपास घटतो, जो चालवताना जाणवणार नाही. ४३ चे ३७ इंच झाले तर तो २६ टक्क्यांनी घटतो. वजन पेलण्याची ताकद तीच राहते, खड्ड्यावर दोन्ही चाके एकत्र वर गेली तर गाडी पूर्वीइतकीच कडक वाटते, मात्र वळणावर तिचा मागचा भाग अधिक झुकतो. ही तूट मागे अँटी-रोल बार (कल कमी करणारा दांडा) बसवून भरून काढता येते, आणि तीन इंचांचा मार्ग घेणाऱ्याने तो खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

येथे एक गैरसमज वारंवार दिसतो. पाटे जवळ आले की आस स्वतःहून अधिक वळतो आणि त्यामुळे मागचा भाग निसटतो, असे अनेक जण सांगतात. हिशेब तसा निघत नाही. गाडी एका ठरावीक कोनात कलली तर जवळ असलेले पाटे कमी वरखाली होतात, म्हणून ते आसाला पुढे-मागेही कमी ढकलतात. पण हे ढकलणे कमी अंतरावर घडत असल्यामुळे आस वळण्याचा कोन तेवढाच राहतो. तो कोन ठरतो पाट्याच्या पुढच्या भागाच्या उतारावरून. पुढचा डोळा (पाट्याच्या पुढच्या टोकाची वळवलेली गोल कडी) आसाच्या मध्यापेक्षा उंच असेल तर वळणाच्या बाहेरचे चाक दबताना मागे जाते, आतले पुढे येते आणि गाडीचा मागचा भाग वळणाबाहेर सरकू पाहतो. डोळा आसापेक्षा खाली असेल तर उलट होते आणि गाडी स्थिर राहते. म्हणून नवीन हँगर घेताना डोळ्याच्या छिद्राची उंची मूळ हँगरशी ताडून पाहा. शॅकल लांब करून किंवा जास्त कमान असलेले पाटे घालून मागचा भाग उंचावणाऱ्या कित्येक गाड्या महामार्गावर लेन बदलताना अस्वस्थ का वागतात, याचे निम्मे उत्तर या एका उंचीत आहे. अर्थात तीन इंच आत घेतलेल्या गाडीत कलण्याचा कोनच वाढतो, त्यामुळे अशी उंची चुकली असेल तर तिचा दोष तेथे अधिक उघड होतो.

रेलवरील भाराविषयी आपली शंका योग्य आहे. मागचा शॅकल मोकळेपणाने झुलतो, म्हणून तो पुढे-मागे कोणताही जोर घेऊ शकत नाही. गाडीला पुढे ढकलणारा सगळा जोर आणि ब्रेक लावताना येणारा सगळा ओढा पुढच्या डोळ्यातून शरीरात जातो. ही गाडी स्वतंत्र चौकटीवर बांधलेली नाही. रेल म्हणजे तळाच्या पत्र्याला वेल्ड केलेली पातळ पेटी आहे. मूळ हँगर चार बोल्टांनी तो जोर पत्र्याच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरवतो. अर्ध्या इंचाचे हँगर त्याच छिद्रांत बसतात, म्हणजे भाराची वाट बदलत नाही. तीन इंचांच्या प्रकारात पुढच्या डोळ्यासाठी रेलमध्ये पेटी कापून बसवावी लागते आणि मागच्या शॅकलसाठी रेलच्या आरपार नळी वेल्ड करावी लागते. ते काम उत्तम होऊ शकते. परंतु पेटीच्या आत नळी न घालता नुसता बोल्ट आवळला तर रेल चेपते आणि बोल्ट कधीच खऱ्या अर्थाने घट्ट राहत नाही.

आसाच्या नळीचेही थोडे सांगतो. चाकाचा मध्य ते पाट्याचा मध्य हे अंतर म्हणजे नळीला वाकवणारी तरफ. दोन चाकांच्या मध्यांतील अंतर साडेपंचावन्न इंच धरले तर आज ही तरफ सव्वासहा इंचांची आहे. पाटे तीन इंच आत नेले आणि चाके तेथेच ठेवली तर ती सव्वानऊ इंचांची होते, म्हणजे नळीवरील वाकवणारा भार जवळजवळ दीडपट होतो. रुंद टायर आत सरकवून बसवला की चाकाचा मध्यही आत येतो आणि हा आकडा खाली उतरतो, त्यामुळे भीतीचे कारण नाही; ८¾ चे हाउसिंग (आसाचे कवच) दणकट आहे. तरीही अरुंद चाके ठेवून पाटे मात्र तीन इंच आत घेण्यात कोणताच शहाणपणा नाही, हे या आकड्यांवरून दिसावे.

आपला वापर पाहता मी अर्धा इंच सुचवेन.

पाटेवाला:

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. आमच्या घरी पुणे-बंगळूर रस्त्यालगत ट्रकचे पाटे दुरुस्त करण्याचे काम चालत असे आणि माझे लहानपण त्या भट्टीशेजारी गेले, म्हणून पाट्यांबद्दल दोन शब्द लिहितो. इकडे ओहायोत आल्यावर या गाड्यांचे पाटे प्रथम पाहिले तेव्हा एका गोष्टीने मला थांबवून ठेवले. आमच्याकडील बहुतेक ट्रकच्या पाट्यांत आस साधारण मधोमध असे. क्रायस्लरने या लहान गाड्यांत आस मुद्दाम पुढे घेतला आहे: डोळ्यापासून सेंटर बोल्टपर्यंत (पाने एकत्र धरून पाटा आसावर जागेवर बसवणारा बोल्ट) सुमारे २० इंच, तर तेथून शॅकलपर्यंत सुमारे ३५ इंच. आखूड आणि जाड पुढचा भाग जोर लावताना सहज वाकत नाही, तो जवळजवळ एखाद्या दांड्यासारखा आसाला धरून ठेवतो, आणि लांब मागचा भाग गाडीला आराम देतो. ही फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. ती जपायची असेल तर पाटा आडवा सरकवताना सेंटर बोल्टची जागा पुढे-मागे एक रेषभरही हलता कामा नये.

दुसरी गोष्ट क्लिपची. पुढच्या भागातील क्लिप सैल असतील तर पीळ बसताना पाने एकमेकांपासून उघडतात आणि वर सांगितलेला दांड्याचा गुण नाहीसा होतो. मागच्या भागातील क्लिप मात्र पानांना एकमेकांवर सरकू देतील इतपतच धरलेले असावेत. टायरला जागा व्हावी म्हणून क्लिप काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. बोल्टचे क्लिप काढून त्या जागी ठोकून वळवलेल्या पट्टीचे क्लिप घालता येतात, ज्यांचे डोके बाहेर येत नाही. रोलसेंटर यांनी सांगितलेली घासण्याची जागा त्यामुळे बऱ्यापैकी मोकळी होते.

आपले पाटे ५० वर्षांहून जुने असतील तर नवे घेण्याची हीच वेळ आहे. नवे घेताना ड्रॅग शर्यतीसाठीचे सुपर स्टॉक पाटे घेण्याचा मोह टाळावा. त्यात उजवा आणि डावा पाटा वेगळा असतो, कारण जोर लावताना प्रॉपेलर शाफ्टचा पीळ उजवे मागचे चाक उचलू पाहतो आणि उजव्या पाट्याला जादा कमान देऊन ते चाक आधीच जमिनीवर दाबून ठेवलेले असते. शर्यतीच्या पट्टीवर ते उपयोगी आहे. वरच्या मिशिगनपर्यंतच्या प्रवासात ते नको.

एक राहिले. आपण जेथे राहता तेथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आज गाडी हिवाळ्यात बाहेर पडत नसली तरी पूर्वीच्या मालकांनी ती वापरली असणारच. पुढच्या हँगरच्या भोवतालचा पत्रा आणि मागच्या शॅकलच्या वरची रेल टोकदार हातोडीने ठोकून पाहा. आवाज बसका आला किंवा टोक आत गेले, तर आधी पत्र्याचे काम करावे आणि पाट्यांचा विषय नंतर काढावा.

सरळ_पट्टी:

मी वेगळे मत मांडतो, कारण तीन इंचांच्या मार्गाची बाजू येथे अजून कोणी मांडलेली नाही.

अर्धा इंच आत घेण्यासाठीसुद्धा आसावरचे पर्च (पाट्यांच्या बैठका) कापून पुन्हा वेल्ड करावे लागतात. हँगर आणि शॅकल बोल्टने बसतात, पण आसावरच्या बैठका तशाच ठेवून पाटा तिरका जोडणे योग्य नाही. म्हणजे आस उतरवणे, पर्च कापणे, पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट ज्याला जोडतो त्या आसातील दात्याच्या दांड्याचा) कोन पुन्हा साधणे ही सगळी मेहनत दोन्ही मार्गांत सारखीच आहे. एवढे करून हाती केवळ २५५ चा टायर येणार असेल आणि उद्या इंजिन वाढवले तर पुन्हा तेच सगळे करावे लागणार असेल, तर एकदाच पूर्ण काम करावे असे मला वाटते. माझ्या डॉज डार्टमध्ये पाटे रेलखाली आहेत आणि सरळ रेषेत ती अतिशय विश्वासाने पळते. पाटा रेलच्या बरोबर खाली आल्याने पुढच्या डोळ्याचा जोर थेट रेलच्या रेषेत जातो, हा फायदाही लक्षात घ्यावा. बाहेर लटकलेल्या हँगरमुळे रेलला जो आडवा पीळ बसतो तो येथे बसत नाही.

मात्र या मार्गाचा खरा आवाका सांगणे माझे कर्तव्य आहे. पाटा आत गेला तरी चाकाभोवतीचे व्हीलहाउस तेथेच राहते, त्यामुळे ते कापून आत वाढवावे लागते, म्हणजेच मिनी टब करावा लागतो. मागच्या बाकाची चौकट त्यामुळे दोन्ही बाजूंनी कमी करावी लागते. बंप स्टॉप (आसाला वर आदळण्यापासून अडवणारा रबरी ठोकळा) रेलवर ज्या जागी असतो तेथे आता यू बोल्टची कमान येते, म्हणून त्याला नवीन जागा शोधावी लागते. शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक पाट्याच्या पट्टीवर असते, ते पाट्याबरोबर आत येते आणि शॉक नको तितका तिरपा किंवा एखाद्या पाइपला लागेल असा होतो. धुराचे नळ आसावरून मागे न्यायला जागा उरत नाही. आणि मागच्या शॅकलचे वेल्डिंग पेट्रोलच्या टाकीला लागूनच होत असल्यामुळे टाकी उतरवून गाडीपासून दूर ठेवल्याशिवाय ठिणगी पाडू नये.

जाता जाता, आस सरकवण्याची हौस क्रायस्लरला स्वतःलाही होती. १९६५ मध्ये त्यांनी ड्रॅग शर्यतीसाठी बनवलेल्या काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांत मागचा आस १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे घेतला होता, जेणेकरून गाडीचे अधिक वजन मागच्या चाकांवर यावे. तेथे दिशा लांबीची होती, आपल्याकडे रुंदीची आहे, पण हेतू एकच: टायरला पकड मिळवून देणे.

रोलसेंटर:

सरळ_पट्टी यांचा रेलच्या रेषेचा मुद्दा मला मान्य आहे. केवळ बळाच्या वाटेचा विचार केला तर रेलखालील पाटा अधिक स्वच्छ रचना आहे. माझा आक्षेप त्या रचनेला नाही. ज्या गाडीत मागच्या बाकावर मुले बसतील, जी तीनशे मैल वळणावळणाच्या रस्त्यावर जाईल आणि जिला दहा इंचांपेक्षा रुंद टायरची गरज पडेल इतका पीळ तिच्या इंजिनात आज नाही, त्या गाडीला टब कापण्याची किंमत मोजायला लावणे मला पटत नाही. कापलेला पत्रा परत येत नाही. बदललेले हँगर आणि पर्च मात्र पुन्हा मूळ जागी आणता येतात.

डस्टर_मिशिगन:

सर्वांचे मनापासून आभार. आज पुन्हा मोजले. माझे ५¾ इंच पाट्याच्या कडेपर्यंतचे होते. क्लिपच्या बोल्टपर्यंत मोजले तर पाव इंच कमी भरतात, म्हणून पाटेवाला यांनी सांगितलेले पट्टीचे क्लिप असलेले नवे पाटेच घेणार आहे. हँगरभोवतालचा पत्रा ठणठणीत आहे. डाव्या शॅकलच्या वर रेलला थोडा गंज आहे, तो भाग आधी कापून नवा पत्रा घालून घेईन. २५५/६० आर १५ आणि अर्धा इंच असे मी ठरवले आहे.

आता पर्च वेल्ड करण्याबद्दल विचारतो. वेल्डिंगच्या उष्णतेने हाउसिंग वाकते असे ऐकले आहे. क्रम कसा ठेवावा, आणि पिनियनचा कोन किती अंश असावा?

रोलसेंटर:

हाउसिंग वाकते, हे खरे आहे. वेल्डची ओळ थंड होताना आकसते आणि नळीचे टोक त्या बाजूला ओढले जाते. क्राउन-पिनियनचा संच, दोन्ही शाफ्ट, बेअरिंग आणि सील बाहेर काढूनच काम सुरू करावे. जुने पर्च ग्राइंडरने वेल्ड उडवून काढावेत आणि नळीत खाच पडू देऊ नये. नवे पर्च ४२ इंचांच्या अंतरावर, दोन्ही टोकांपासून मोजून, फक्त टाके घालून धरावेत.

त्यानंतर आस गाडीत चढवून, गाडीचे पूर्ण वजन चाकांवर देऊन कोन मोजावा. गिअरच्या पेटीच्या आउटपुट शाफ्टची रेषा आणि पिनियनची रेषा गाडी जोरात असताना एकमेकींना समांतर यायला हव्यात. जोर लावला की पाटे पिळले जातात आणि पिनियनचे नाक वर येते, म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा दोन ते तीन अंश खाली ठेवावे. ड्रॅगच्या गाड्यांत पाच-सहा अंशही ठेवतात, पण तेवढा कोन महामार्गावर यू जॉइंटला सतत त्रास देईल आणि गाडी थरथरेल. पिनियनच्या वर जो रबरी स्नबर असतो तो शाबूत आहे ना, हेही पाहावे. नाक किती वर यावे याची शेवटची मर्यादा तोच घालतो.

कोन जमला की आस पुन्हा उतरवून पूर्ण वेल्ड करावे. एका वेळी इंचभरच वेल्ड घालावे, मग दुसऱ्या बाजूच्या पर्चवर जावे, नळीला हात लावता येईल इतकी ती थंड झाल्यावर परत यावे. वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा पर्चच्या शेजारी लावावा. शेवटी दोन्ही टोकांतून जाणारा सरळ दांडा घालून हाउसिंग तपासावे आणि गरज पडली तर यंत्रशाळेत सरळ करून घ्यावे. आपल्या आसात मूळ निमुळत्या रोलर बेअरिंगांची जोडी असेल तर शाफ्ट परत बसवल्यावर त्यांची पुढे-मागची मोकळीक उजव्या बाजूच्या ॲडजस्टरने ०.००८ ते ०.०१८ इंचांत आणावी. हाउसिंग किंचितही वाकले असेल तर डायल गेजवर ही मोकळीक शाफ्ट फिरवताना बदलत राहते, त्यामुळे तेथेही एक तपासणी आपोआप होते.

पाटेवाला:

पाटे चढवताना जुने यू बोल्ट पुन्हा वापरू नका. ते एकदा ताणले गेले की पूर्वीसारखे धरत नाहीत. पुढच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने बसतील तेवढेच लावावेत आणि गाडी चाकांवर उतरवून, एक-दोनदा दाबून सोडल्यानंतर पूर्ण आवळावेत, नाहीतर बुशचे रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहते, गाडी एक-दीड इंच उंच बसते आणि रबर लवकर फाटते. शॅकल या वेळी किंचित मागे झुकलेला दिसला पाहिजे. तो सरळ उभा किंवा पुढे झुकलेला दिसला तर पाट्याची कमान किंवा हँगरची जागा यांपैकी काहीतरी जुळलेले नाही, आणि तसे असल्यास रस्त्यावर नेण्याआधी येथे एक छायाचित्र टाका. शे-दोनशे मैल चालवल्यावर यू बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत, कारण नवीन पाने एकमेकांवर बसताना थोडी जागा सोडतात.